मिरगी नव्हे, हृदयाची तुटलेली वाट

धावता धावता कुत्रा कोलमडला की आपल्याकडे निदान तयारच असते : मिरगी. मग कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी बोवाकडचा ताईत आणून गळ्यात बांधतो, तर कुणी विळा तापवून डाग द्यायला सांगतो. कुत्रा अर्ध्या मिनिटात आपला आपण उठतो आणि श्रेय चपलेला जाते. चपलेची ही कीर्ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु वाचकहो, असा पडणारा प्रत्येक कुत्रा मिरगीचा नसतो. काही कुत्र्यांच्या हृदयातली विजेची वाट बंद पडलेली असते, आणि हे ओळखायला पहिली पायरी म्हणून फक्त हाताची बोटे आणि एक घड्याळ पुरते.

आमचे गाव बपेरा. तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. गावठीच, तांबूस रंगाचा, वय आठ-नऊ वर्षे. आमच्या दारात झोपायचा म्हणून आमचा, नाही तर अर्ध्या वस्तीचा. २०२३ च्या दिवाळीनंतर, धानकापणीच्या दिवसांत, बांधीच्या धुऱ्यावरून तो शेळ्यांमागे धावला आणि मध्येच खाली बसल्यासारखा होऊन आडवा झाला. पाय सैल, डोळे उघडे. आम्ही पोहोचेपर्यंत उठून शेपटी हलवायला लागला होता. आठवड्याने पुन्हा तसेच झाले, मग दोन दिवसांनी पुन्हा.

शेजारचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "भाऊ, याले मिरगी आहे जी. कपाळावर डाग द्या, सुटून जाईन." सल्ला आपुलकीचाच होता. पण आमची धाकटी मुलगी तेव्हा बारावीला, विज्ञान शाखेत होती. ती म्हणाली, "बाबा, डाग द्यायचा नाही. आधी डॉक्टरला दाखवायचं." आणि पुढच्या वेळी मोती पडला तेव्हा तिने रडत रडत का होईना, मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवले. डॉक्टरांना याच चित्रीकरणाचा सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण दवाखान्यात नेल्यावर जनावर कधीही पडून दाखवत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी मोबाईलवरचे दृश्य दोनदा पाहिले. मग छातीला नळी लावली, मनगटावरचे घड्याळ समोर धरले आणि पूर्ण एक मिनिट काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "अडतीस." मोतीएवढ्या कुत्र्याचे ठोके दवाखान्यातल्या घाबरण्यात शंभराच्या पुढे असायला हवे होते. "याच्या मेंदूत काही नाही. हृदयाचा मार्ग अडला आहे असे वाटते. नागपूरला ईसीजी काढून घ्या."

नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ सालापासूनचे. भाजी घेऊन जाणाऱ्या ओळखीच्या गाडीत मागे मोती, मुलगी आणि आम्ही असे तिघे बसून गेलो. तिथे त्याला उजव्या कुशीवर निजवून चारही पायांना चिमटे लावले. कागदाची पट्टी निघाली. डॉक्टरांनी पेनाने खुणा करून दाखविले : हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके मिनिटाला १३० च्या घरात, खालच्या कप्प्यांचे ३८, आणि या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग एक इंजेक्शन देऊन थोड्या वेळाने पुन्हा पट्टी काढली. नसांच्या दाबामुळे ठोके मंद झाले असतील तर या औषधाने वाढतात. मोतीचे वाढले नाहीत. याला म्हणतात पूर्ण हार्ट ब्लॉक.

ब्लॉक म्हटले की आपल्या लोकांना चरबीने तुंबलेली रक्तवाहिनी आठवते. हे ते नव्हे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि उभी नोकरी आवक-जावक सांभाळण्यात गेलेली. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही आमच्या कचेरीच्या भाषेत बसवून घेतले. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटी गाठ असते. ते साहेबांचे टेबल. तिथून दर ठोक्याला विजेचा हुकूम निघतो. तो वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो आणि खाली जाण्यासाठी एकाच दाराशी येतो, दुसऱ्या गाठीशी. हा दारावरचा बाबू फाईल मुद्दाम क्षणभर अडवून धरतो, सुमारे एक दशांश सेकंद, म्हणजे वरच्या कप्प्यांतले रक्त खाली उतरायला सवड मिळावी. मग हुकूम एका जाड दोरीतून उतरतो. तिच्या पुढे दोन फांद्या होतात आणि शेवटी बारीक तंतूंच्या जाळ्यातून तो खालच्या कप्प्यांच्या भिंतीभर पोहोचतो.

आता बिघाड कुठे होतो ते पाहा. फाईल उशिरा पण पोहोचते, हा पहिल्या दर्जाचा ब्लॉक. यात कुत्र्याला काही जाणवत नाही. काही फाईली पोहोचतात, काही गहाळ होतात, हा दुसऱ्या दर्जाचा. एकही फाईल पोहोचत नाही, हा तिसऱ्या म्हणजे पूर्ण दर्जाचा. तेव्हा खालची शाखा साहेबांची वाट न पाहता आपल्या बुद्धीने काम सुरू ठेवते. म्हणून जीव जगतो. पण तिची गती मंद, कुत्र्यात बहुधा मिनिटाला २० ते ६० च्या दरम्यान. धावताना अंगाला जास्त रक्त हवे असते, ते मिळत नाही. मधेच काही सेकंद तीही थांबली तर मेंदूला रक्त कमी पडते आणि कुत्रा कोसळतो. कधी दोन फांद्यांपैकी एकच बंद असते. उजवी फांदी बंद असलेली कित्येक कुत्री काहीही त्रास न होता आयुष्य काढतात. आणि कधी साहेबच टेबलावर डुलक्या घेतात, म्हणजे पहिली गाठच आजारी पडते. कॉकर स्पॅनियल, मिनिएचर श्नाउझर अशा जातींत हे अधिक आढळते. (कचेरीत कोणता बिघाड जास्त आढळतो, हे आम्ही इथे लिहीत नाही.)

ही वाट माणसाची आणि कुत्र्याची सारखीच आहे. तिचा शोध लागला तोही जनावरांच्या हृदयांतून. पुर्किंजे या शास्त्रज्ञाने १८३९ साली ते बारीक तंतू मेंढीच्या हृदयात पाहिले. सुनाओ तवारा हे जपानी डॉक्टर जर्मनीत राहून कुत्रा, मांजर, मेंढी आणि माणूस यांच्या हृदयांचे पातळ काप काढत बसले आणि १९०६ साली त्यांनी दारावरची ती गाठ दाखवून दिली. पहिली गाठ १९०७ साली कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिशांना चिचुंद्रीसारख्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात सापडली. त्याच काळात लंडनमध्ये वॉलर नावाचे प्राध्यापक आपल्या जिमी या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून त्याच्या हृदयाची वीज लोकांना दाखवीत. १९०९ साली त्यांच्या संसदेत प्रश्न विचारला गेला की, हा कुत्र्याचा छळ नव्हे काय? तेव्हा मंत्र्यांना उत्तर द्यावे लागले की, ते साधे मिठाचे पाणी आहे. आम्हाला हा प्रश्न विचारणारा सदस्यही आवडला आणि जिमीही.

मोतीवर उपाय एकच होता, पेसमेकर. पूर्ण ब्लॉकवर गोळ्यांचा भरवसा नसतो. काही दिवस गोळ्या देऊन पाहिल्या, फरक पडला नाही. पेसमेकर म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी डबी. मानेच्या शिरेतून तिची तार हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात सोडतात आणि डबी कातडीखाली बसवतात. कुत्र्यासाठी वेगळे यंत्र नसते, माणसाचेच वापरतात. म्हणजे खर्चही माणसाचाच.

या यंत्राचा इतिहास मुलीने आम्हाला वाचून दाखविला. पूर्वीचे पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालत. १९५७ च्या ऑक्टोबर अखेरीस अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात वीज गेली आणि हृदयशस्त्रक्रियेनंतर अशा यंत्रावर ठेवलेल्या मुलांच्या जिवावर बेतले. वीज जाणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. तेव्हा लिलेहाय या सर्जनांनी अर्ल बॅकन नावाच्या दुरुस्ती-कारागिराला बॅटरीवर चालणारे यंत्र बनवायला सांगितले. त्याने काही आठवड्यांत बनविले. ते आधी कुत्र्यावर लावून पाहिले आणि मगच माणसाच्या लेकराला लावले. पुढे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविला गेला. ते गृहस्थ एकामागून एक यंत्रे बदलत २००१ सालापर्यंत जगले.

हे वाचून झाल्यावर मुलीने विचारले, "म्हणजे आधी कुत्र्यावरच लावून पाहिलं ना, बाबा? मग कुत्र्याला का नाही मिळत?"

मिळतो, पण कुणाला, हा प्रश्न आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६७ साली आजारी कुत्र्याला उपचार म्हणून पेसमेकर बसविला. आपल्या देशात दिल्लीला डिसेंबर २०२० मध्ये खुशी नावाच्या साडेसात वर्षांच्या कॉकर स्पॅनियल कुत्रीला तो बसविला, तेव्हा देशातील पहिलाच म्हणून वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. खुशीचे ठोके मिनिटाला २० वर आले होते आणि ती वारंवार बेशुद्ध पडत होती, अगदी आमच्या मोतीसारखी.

आमच्या घरात यावर तीन रात्री बोलणे झाले. मुलीची पुढच्या वर्षीची फी, थोरल्याच्या लग्नाचे राहिलेले देणे, आणि दिल्लीला जाऊन-येऊन लागणारा पैसा. आमच्या सौ. शेवटी म्हणाल्या, "जेवढं आपल्या हातात आहे तेवढं नीट करू. बाकीचं नाही होत." मुलगी त्या रात्री जेवली नाही. आम्ही तिला समजावले नाही, कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते.

हातात होते ते केले. मोतीला शेळ्यांच्या वेळी बांधून ठेवले, पण गळपट्ट्याने नाही. मानेवर ओढ बसली तर ठोके आणखी मंद होऊ शकतात, म्हणून छातीवरून येणारा पट्टा जुन्या पिशवीच्या बंदांचा शिवला. दर रविवारी सकाळी मुलगी त्याचे ठोके मोजून कॅलेंडरवर लिहायची : ३८, ४०, ३६, ४०. पूर्ण ब्लॉक झालेला कुत्रा पेसमेकरवाचून पहिल्या काही महिन्यांतच अचानक जाण्याचा धोका मोठा असतो, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते. मोती सात महिने जगला. जून महिन्यात एका पहाटे तो अंगणात झोपलेलाच राहिला. कॅलेंडरवर शेवटचा आकडा ३४ आहे.

आमचे काही मित्र विचारतात, माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याच्या हृदयावर काय बोलता? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हाला त्या कॅलेंडरनेच दिले. मुलीला मोजायची सवय लागली, तशी वस्तीतली लहान मुले तिच्याकडून मोजायला शिकली आणि एकमेकांच्या मनगटावर बोटे ठेवू लागली. त्यात एका आजींची नाडी ४६ भरली. त्यांना दोन महिन्यांपासून भोवळ येत होती आणि घरचे म्हणत होते, वय झाले. त्यांना डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढला. रक्तदाबाच्या गोळीने ठोके मंद झाले होते. गोळी बदलली, भोवळ थांबली. गोळी डॉक्टरांनी बदलली, हे मुद्दाम लिहितो. वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. आणि कुणाला खरोखर पेसमेकर लागलाच तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पेसमेकर लावलेला माणूस वारला तर दहनापूर्वी ती डबी काढावी लागते, नाहीतर आगीत तिचा स्फोट होतो. काढलेल्या डबीत कधी कधी पुष्कळ आयुष्य शिल्लक असते. परदेशात अशा डब्या घरच्यांच्या संमतीने घेऊन, निर्जंतुक करून कुत्र्यांना बसवितात. आणि मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये अमेरिकेतून आलेल्या अशा वापरलेल्या पेसमेकरांवर ५३ गरजू माणसांना आधार मिळाला. त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. एकीकडे उरलेले यंत्र कुत्र्याला, दुसरीकडे तेच आपल्या मुंबईच्या गरिबाला. आम्हाला यात अपमान वाटला नाही. उलट, एकाच्या छातीतली चालू वस्तू दुसऱ्याच्या छातीत चालावी, हा व्यवहार आम्हाला फार शहाणपणाचा वाटला.

हा ब्लॉक होतो कशाने? म्हाताऱ्या कुत्र्यात वाटेवरचे तंतू झिजून घट्ट होतात, कारण सापडत नाही. पण काही कारणे आपल्या अंगणातलीच आहेत. गोचिडांमुळे येणारा ताप हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो. नागपूरला मोतीचे रक्त त्यासाठीही तपासले होते, त्यात काही निघाले नाही. पिल्लांना होणारा पार्वो हा रोग पोटाचा म्हणून आपण ओळखतो, पण अगदी कोवळ्या पिल्लांत तो हृदयालाही धरतो. त्याची लस मिळते. आणि कण्हेर! लाल-पांढरी कण्हेर असो की पिवळी बिट्टी, तिच्या पानांत, बियांत हृदयाची वाट अडविणारे विष असते. कुत्रा, शेळी, गाय, माणूस, कुणालाही ते सोडत नाही. छाटलेल्या कण्हेरीच्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत. आजोबांच्या हृदयाच्या गोळ्याही खाली पडू देऊ नयेत. कुत्रा गोळी आणि बिस्किट यांत फरक करत नाही.

मांजरांची गोष्ट वेगळी आहे. दवाखान्यात मांजराचे ठोके मिनिटाला १४० ते २२० असतात. तिला पूर्ण ब्लॉक झाला तरी खालची शाखा शंभराच्या आसपास चालते, म्हणून पुष्कळ मांजरी पडतच नाहीत, नुसत्या जास्त झोपतात. कुत्र्याचे शंभर ठोके म्हणजे सारे ठीक, मांजराचे शंभर म्हणजे डॉक्टर. पुष्कळदा मुळात हृदयाची भिंत जाड झालेली असते. मांजराच्या शिरा बारीक, म्हणून पेसमेकरची तार बहुधा हृदयावर बाहेरून शिवतात. परंतु अशा मांजरी यंत्रावाचूनही वर्षभर आणि अधिक जगलेल्या आहेत. घाई करायची ती दुसऱ्या एका प्रसंगी : बोका लघवीला बसतो, जोर करतो, ओरडतो, पण थेंब पडत नाही. लोक म्हणतात, पोट साफ होत नाही. खरे म्हणजे लघवीची वाट तुंबलेली असते. रक्तात पोटॅशियम साचते, आणि तेच हृदयाची वीज विझवीत आणते. एक-दोन दिवसांत बोका जातो. वेळेवर नळी घालून लघवी काढली आणि औषध दिले तर तोच बोका घरी परत येतो, हृदयही पुन्हा नीट चालू लागते.

मिरगी आणि हृदयाची भोवळ यांतला फरक घरी थोडासा कळू शकतो. मिरगीत जनावर आधी बेचैन असते, लाळ गळते, पाय सायकल मारल्यासारखे हलतात, आणि उठल्यावर बराच वेळ घरच्यांनाही ओळखत नाही. हृदयाची भोवळ धावताना, भुंकताना, आनंदाने उड्या मारताना येते. अंग सैल पडते, हिरड्या फिक्या होतात, आणि उठले की मघाचेच जनावर. अर्थात हृदयाच्या भोवळीतही कधी अंग ताठते किंवा लघवी सुटते, म्हणून खात्री ईसीजीनेच. पडलेले असताना तोंडात पाणी ओतू नये, बोट घालू नये. मान सरळ ठेवावी, हिरडी पाहावी, दुसऱ्या कुणी चित्रीकरण करावे.

मोजायची रीत अशी. कुत्रा शांत पडलेला असताना डाव्या कोपरामागे छातीवर तळहात ठेवावा, किंवा मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटे हलकेच दाबावीत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळस करू नये, पूर्ण मिनिट मोजावे. श्वास घेताना ठोके जलद आणि सोडताना मंद लागले तर घाबरू नये. निरोगी कुत्र्यात तसे असतेच. मोठ्या कुत्र्याचे ६० ते १००, लहान चणीच्या कुत्र्याचे १४० पर्यंत भरतात, गाढ झोपेत त्याहून कमी. जागेपणी पन्नासच्या खाली वारंवार भरले आणि कुत्रा पूर्वीसारखा धावत नसेल, तर कॅलेंडर काढून खिशात घालावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आमच्या मुलीच्या कॅलेंडरचे पान पाहून नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचा मोबाईलवर फोटो काढून घेतला होता.